‘प्रजा’ पुसून लिहिलेला ‘नागरिक’

आई सकाळी चहा गाळता गाळता म्हणायची, “घटना काय करते? सरकार स्थापन करते, सरकारचे अधिकार ठरवते, नागरिकांचे मूलभूत हक्क राखते.” कपात दूध घालताना पुढचा प्रश्न. “घटनेचे पहिले तीन शब्द कोणते? वी द पीपल.” फ्रीजवर अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचे, मोठ्या टायपात छापलेले शंभर प्रश्न लावले होते, आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या तिची उजळणी चाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई. तिसऱ्या आठवड्यात तिनेच ते कागद खाली काढले. “येतंय गं सगळं, पण कळत काहीच नाही. पोरांना मी असं शिकवलं असतं, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा मारला असता.”

पुढचे चार महिने आम्ही दोघींनी, आणि सातवीतल्या माझ्या लेकीने, अमेरिकेचं नागरिकशास्त्र वेगळ्या वाटेने शिकून पाहिलं. थोडं म्युझियममध्ये, बरंचसं घरी पडद्यासमोर. आई-वडिलांची हीच परीक्षा ज्यांच्या घरात येऊ घातली आहे त्यांना हे उपयोगी पडेल. तिकडे पुण्या-नाशिकात बसून राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनाही पडेल, कारण यातलं बहुतेक साहित्य फुकट आहे आणि घरबसल्या मिळतं.

आधी परीक्षेबद्दल. नागरिकत्वाच्या मुलाखतीत दोन गोष्टी तपासतात: इंग्रजी, आणि देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था. आईचा अर्ज जुन्या पद्धतीतला होता. शंभर प्रश्नांच्या संचातले दहापर्यंत तोंडी विचारतात आणि सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना नवी पद्धत लागू झाली. त्यात संच १२८ प्रश्नांचा आहे, वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि बाकीची दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत देता येते. म्हणजे मराठीत. पासष्टीच्या पुढे आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं असतील, तर अभ्यासाला फक्त वीस निवडक प्रश्न. आपल्या कितीतरी ज्येष्ठांना हे ठाऊकच नसतं, आणि इंग्रजीच्या धास्तीने ते अर्जच करत नाहीत.

वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीने नागरिकत्व खात्याबरोबर एक साइट केली आहे, ‘प्रिपेअरिंग फॉर द ओथ’ नावाची. ती जुन्या शंभर प्रश्नांवर बेतलेली आहे आणि प्रश्न समजावताना म्युझियममधल्या वस्तू दाखवते. आम्ही तिथून सुरुवात केली. दोन-चार व्हिडिओ पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. या परीक्षेतल्या जवळपास प्रत्येक उत्तरामागे कधीतरी मोठं भांडण झालेलं आहे. उत्तर म्हणजे त्या भांडणाचा निकाल, आणि निकाल नुसता पाठ करून राहत नाही. भांडण कशावरून होतं ते कळलं, की उत्तर आपोआप जागेवर बसतं.

फिलाडेल्फियातले तिघे

न्यू जर्सीहून फिलाडेल्फिया गाडीने दीड तास. तिथल्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये एक दालन आहे. १७८७ साली घटना लिहिणाऱ्या सभेतली माणसं तिथे ब्राँझमध्ये उभी आहेत, खऱ्या उंचीची. पुतळे चौथऱ्यावर चढवलेले नाहीत, आपल्याच फरशीवर आहेत. म्हातारा फ्रँकलिन काठी घेऊन बसलाय, मॅडिसन चांगलाच बुटका आहे, वॉशिंग्टन सगळ्यांच्या वर दिसतो. एकूण ४२ पुतळे: सही करणारे ३९ आणि सही न करणारे तीन.

आई त्या तिघांपाशी थांबली. “हे का रुसलेत?”

तेरा राज्यं इंग्लंडपासून सुटली तेव्हा त्यांनी आपसात एक सैलसा करार केला होता. केंद्राकडे कर बसवायचा अधिकार नव्हता, त्यामुळे पैसा नव्हता. हा करार दुरुस्त करायला म्हणून १७८७ च्या उन्हाळ्यात ५५ प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही. दारं-खिडक्या बंद करून, बाहेर अवाक्षर न काढण्याच्या बोलीवर चार महिने बैठका झाल्या आणि जुना करार बाजूला ठेवून त्यांनी अख्खी नवी घटना लिहिली. शेवटच्या दिवशी जॉर्ज मेसन, एडमंड रँडॉल्फ आणि एल्ब्रिज गेरी यांनी सही नाकारली. मेसनचा मोठा आक्षेप असा की एवढं बलवान सरकार उभं करताय, पण त्याने माणसाच्या कोणत्या हक्कांना हात लावायचा नाही याची यादी कुठे आहे? त्याच मागणीचा जोर पुढे वाढत गेला. मॅडिसनने १७८९ मध्ये काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, दुरुस्त्या मांडल्या आणि १७९१ मध्ये त्यातल्या दहा मंजूर झाल्या. तेच ‘बिल ऑफ राइट्स’. भाषण, धर्म, छापखाना, सभा, घराची झडती, कोर्टात वकील, सगळं त्यातलं.

फ्रीजवरच्या कागदावर याचं उत्तर एका ओळीत होतं. मेसनशेजारी उभं राहिल्यावर आईला ते पुन्हा पाठ करावं लागलं नाही.

तिथून चालत इंडिपेंडन्स हॉल. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची घटना, दोन्ही तिथलीच. अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर बसत, तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. सह्या होत असताना फ्रँकलिन म्हणाला होता, हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं, आज कळलं की उगवतोय. गाईड ही गोष्ट सांगतो तेव्हा लोक भारावतात. आम्हीही भारावलो.

पण तिथून चार पावलांवर आणखी एक जागा आहे आणि ती चुकवू नये. वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना ज्या घरात राहत, त्या घराची ही जागा. घर उरलेलं नाही, चौथरा आणि भिंतींच्या चौकटी आहेत. या घरात त्यांनी आपल्या मालकीचे नऊ गुलाम आणले होते. पेन्सिल्व्हेनियात १७८० चा कायदा होता: बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला, तर तो स्वातंत्र्य मागू शकतो. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणत. ओनी जज ही तरुण मुलगी १७९६ मध्ये या घरातून पळाली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही. त्या नऊ जणांची नावं तिथे दगडात कोरली आहेत. आईने ती एकेक करून मोठ्याने वाचली.

सही न करणाऱ्या मेसनच्याही मालकीचे गुलाम होते, हे मी तिला परतताना गाडीत सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

फिलाडेल्फियाचं नाव मराठी माणसाला परकं नाही. आनंदीबाई जोशी तिथल्याच वूमन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रवेशासाठी त्यांनी लिहिलेलं पत्र आणि जपान-सीरियाच्या सहाध्यायिनींबरोबरचा साडीतला फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे, ऑनलाइन पाहता येतो. त्यांच्या पदवीदान समारंभाला आलेल्या पंडिता रमाबाई पुढे अडीचेक वर्षं अमेरिकेत फिरल्या. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. तिथलं सरकार कसं चालतं, बायका काय काम करतात, हे सगळं त्यांनी मराठी वाचकाला समजावून सांगितलं. अमेरिकेचं नागरिकशास्त्र मराठीत सांगायला एका बाईने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच सुरुवात करून ठेवली आहे.

दोन खासदार सगळ्यांना

आईला सगळ्यात अवघड गेली ती काँग्रेसची दोन सभागृहं. तिथे मी आपलं उदाहरण घेतलं. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आणि गोव्याचा एक, साधारण लोकसंख्येच्या प्रमाणात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये मात्र जवळपास चार कोटी वस्तीच्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगचेही दोनच. असे पन्नास राज्यांचे शंभर. लोकसंख्येप्रमाणे जागा मिळतात त्या हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये, एकूण ४३५.

असं का? कारण फिलाडेल्फियात छोटी राज्यं अडून बसली होती. फक्त लोकसंख्येवर जागा दिल्या, तर मोठी राज्यं आपल्याला गिळतील ही त्यांची भीती. शेवटी एक सभागृह याच्या म्हणण्याप्रमाणे, दुसरं त्याच्या. त्याच सौद्यात दुसरी एक लाजिरवाणी तडजोड शिरली. दक्षिणेकडच्या राज्यांना आपले गुलाम माणूस म्हणून मोजायला नको होते, पण जागा ठरवताना मोजून हवे होते. तेव्हा एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस असा हिशेब घटनेत बसवला. मत त्या माणसाला नाही, वाढीव जागा मात्र त्याच्या मालकाच्या राज्याला.

राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर याच आकड्यांतून येतात. ४३५ अधिक १००, आणि १९६१ च्या २३ व्या दुरुस्तीमुळे राजधानी वॉशिंग्टनचे तीन. एकूण ५३८, जिंकायला २७०. देशभरात जास्त मतं मिळवूनही उमेदवार का हरू शकतो, याचं उत्तर या बेरजेत आहे. लेकीने ती बेरीज वहीत करून आजीला दाखवली आणि “दोनशे सत्तर का?” हा प्रश्न कायमचा मिटला.

काचेत न दिसणारं

मग आम्ही वॉशिंग्टनला गेलो. नॅशनल अर्काइव्हजच्या गोल घुमटाखाली जाहीरनामा, घटना आणि बिल ऑफ राइट्स ठेवले आहेत. आत खूप अंधुक उजेड आहे. पेट्यांमध्ये हवेऐवजी आर्गन वायू भरलेला असतो, कातडं आणि शाई टिकावी म्हणून. रांगेतून आई जाहीरनाम्यापाशी पोचली, वाकली, चष्मा वर-खाली केला. “अगं, यात काही दिसतच नाही!”

खरंच दिसत नाही. हा कागद एकोणिसाव्या शतकात पेटंट ऑफिसच्या भिंतीवर, खिडकीसमोर, पस्तीसेक वर्षं लटकत होता. उन्हाने शाई उडाली. देशाचा जन्मदाखला आपल्याच लोकांनी उन्हात ठेवला.

इथेच मला म्युझियम आणि इंटरनेट यांची खरी जोडी कळली. म्युझियममध्ये गेल्यावर वस्तूचं वजन कळतं, तिची जागा कळते. पण बारीक वाचायचं असेल तर ते घरी, पडद्यावर. नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर या कागदांचे मोठ्या आकाराचे फोटो आहेत. रात्री डायनिंग टेबलावर टॅबलेट ठेवून आम्ही जाहीरनामा बोटांनी मोठा केला. खाली डाव्या कोपऱ्यात एका हाताचा ठसा दिसला. पंजा, बोटं. कोणाचा, कधीचा, कोणाला ठाऊक नाही. आईने त्यावर नकळत आपला हात धरून पाहिला.

मग बिल ऑफ राइट्स. मथळे मोजता मोजता लेक म्हणाली, “आजी, दहा नाहीत, बारा आहेत.” बरोबर. काँग्रेसने राज्यांकडे बारा दुरुस्त्या पाठवल्या होत्या. पहिल्या दोन तेव्हा मंजूर झाल्या नाहीत. म्हणजे भाषणस्वातंत्र्याची जी आज ‘पहिली दुरुस्ती’ म्हणून जगभर ओळखली जाते, ती त्या कागदावर तिसरी आहे. आणि दुसरी? खासदारांनी आपला पगार बदलला, तर तो पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये, असं ती सांगते. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं की या दुरुस्तीला मुदत घातलेलीच नाही, ती अजूनही मंजूर होऊ शकते. निबंधाला ‘सी’ मिळाला. त्याने राज्याराज्यांना पत्रं लिहायला घेतली, आणि १९९२ मध्ये ती घटनेची २७ वी दुरुस्ती झाली. विद्यापीठाने त्याचा ग्रेड २०१७ मध्ये बदलून ‘ए’ केला. घटनेत दुरुस्त्या किती, या प्रश्नाचं उत्तर ‘सत्तावीस’ आमच्या घरात आता कोणी विसरणार नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरच्या एका कागदाने. जेफरसनने स्वतःच्या हाताने लिहिलेला जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा. खाडाखोड, ओळींच्या वर लिहिलेले शब्द, रेघा मारलेले परिच्छेद. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा मोठा परिच्छेद त्यात आहे आणि तो काँग्रेसने काढून टाकला, हेही तिथे कळतं. या मसुद्यात ‘नागरिक’ हा शब्द एका डागावर लिहिलेला होता. खाली काय आहे ते वर्षानुवर्षं वाचता येत नव्हतं. लायब्ररीच्या तज्ज्ञांनी वेगवेगळ्या प्रकाशलहरींत, अगदी डोळ्यांना न दिसणाऱ्याही, त्या जागेचे फोटो घेतले आणि २०१० मध्ये जाहीर केलं की खाली ‘सब्जेक्ट्स’ होतं. प्रजा. जेफरसनने बाकी ठिकाणी नुसती काट मारली आहे, इथे मात्र शाई ओली असतानाच शब्द फासून टाकला आणि वर ‘सिटिझन्स’ लिहिलं. ते वाक्य शेवटच्या मसुद्यात राहिलं नाही. पण राजाची प्रजा म्हणून जन्मलेल्या माणसाच्या हाताने, सवयीने, तोच शब्द लिहिला, आणि मग तो थांबला. तो थांबल्याची जागा आपल्याला पाहता येते.

“आपल्याकडेही आज्ज्या ‘रयत’च म्हणायच्या की,” आई म्हणाली.

नागरिक कोण?

शब्द बदलला, तरी त्यात कोण बसतं हा झगडा पुढे दोनशे वर्षं चालला. परीक्षेत ‘मतदानाविषयीच्या चार दुरुस्त्यांपैकी एक सांगा’ असा प्रश्न आहे. वंशावरून मत नाकारायचं नाही, १८७०. बाई म्हणून नाकारायचं नाही, १९२०. कर भरला नाही म्हणून नाकारायचं नाही, १९६४. वय अठरा, १९७१. भारतात सगळ्या प्रौढांना पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मत मिळालं, त्यामुळे ही हप्त्याहप्त्याने दिलेली लोकशाही आपल्याला विचित्र वाटते. १९२० ची दुरुस्ती टेनेसीच्या विधानसभेत अडली होती. हॅरी बर्न हा २४ वर्षांचा आमदार विरोधाची खूण असलेला लाल गुलाब कोटाला लावून बसला होता, आणि खिशात आईचं पत्र होतं: बायकांच्या मताधिकाराच्या बाजूने मत दे, चांगला मुलगा हो. त्याने बाजू बदलली. हे सांगताना आमच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता.

वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरीत उपाहारगृहाचा एक काउंटर आणि त्यापुढची चार स्टुलं ठेवली आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानातली. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे कॉलेज विद्यार्थी तिथे बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. दुकान त्यांना वस्तू विकत होतं, पण बसून खाऊ देत नव्हतं. ते उठले नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, बरोबर आणखी मुलं आली. जुलैमध्ये दुकानाने नियम बदलला. आई त्या स्टुलांकडे पाहत म्हणाली, “चवदार तळं.” मला वेगळं काही समजावावं लागलं नाही.

हे नातं आपण आज जुळवलेलं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. गुलामगिरी बंद करणारी तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळ्यांचे मोठे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांचा प्रश्न आणि अस्पृश्यांचा प्रश्न इतके सारखे आहेत, की एकाचा अभ्यास करणाऱ्याला दुसऱ्याचा अभ्यास आवश्यकच ठरतो, असं त्यात आहे. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज गेला होता, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. ड्यू बॉइसनी आपुलकीने उत्तर दिलं. ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ड्यू बॉइस संग्रहात स्कॅन करून ठेवली आहेत. शोधून वाचा, पाच मिनिटं लागतात.

आणि आपण, भारतातून आलेले? १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला मिळे. पुढे त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले, आशियाई आले नाहीत. पंजाबातून आलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी सुप्रीम कोर्टात मांडलं की तुमच्याच शास्त्रज्ञांच्या म्हणण्याप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन ठरतात. १९२२ मध्ये टाकाओ ओझावा या जपानी माणसाला याच कोर्टाने सांगितलं होतं, की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, थिंड यांना सांगितलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले. त्यानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई त्यातले एक. त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्ह, म्हणजे ‘साडा’, या साइटवर बगई कुटुंबाचे फोटो आणि कागद आहेत. सूट घातलेला बाप, साडीतली आई, तीन मुलगे. आपल्यासारखंच घर. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाची दारं उघडली, वर्षाला १०० जणांना प्रवेश. आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गणपतीची मिरवणूक निघते, तिच्यामागे हा सगळा रस्ता आहे.

घरी बसून कुठे पाहावं

आमच्या अनुभवाने सांगते. मुलं असतील तर ‘आयसिव्हिक्स’ पासून सुरू करा. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी निवृत्तीनंतर, २००९ मध्ये, हे काढलं. त्यातल्या एका खेळात आपण वकिलांचं ऑफिस चालवतो. माणूस तक्रार घेऊन येतो, आणि त्याच्या कोणत्या हक्कावर गदा आली आहे हे आपण ठरवायचं. लेक वाचून दाखवायची, आजी निकाल द्यायची. दोघींचे वाद स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचे.

घटनेतलं एखादं कलम नीट समजून घ्यायचं तर नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरची साइट फार चांगली. तिथे वेगवेगळ्या मतांचे दोन अभ्यासक एकाच कलमाबद्दल आधी एकत्र लिहितात की आमचं कशावर एकमत आहे, मग वेगवेगळं लिहितात की मतभेद कुठे आहे. वाद असा सभ्यपणे मांडलेला मी क्वचितच पाहिला आहे.

‘ओयेझ’वर सुप्रीम कोर्टातल्या युक्तिवादांचं ध्वनिमुद्रण ऐकता येतं, १९५५ पासूनचं. १९६७ चा लव्हिंग खटला ऐका. गोरा रिचर्ड, त्याची बायको मिल्ड्रेड गोरी नाही, व्हर्जिनियात त्यांचं लग्न गुन्हा ठरलेलं. वकील कोर्टाला रिचर्डचा निरोप सांगतो: माझं बायकोवर प्रेम आहे, आणि तिच्याबरोबर मला व्हर्जिनियात राहता येऊ नये हा अन्याय आहे. एवढंच. कोर्टाने असे कायदे रद्द केले. विधिमंडळाने केलेला कायदा कोर्ट रद्द करू शकतं, हे तिथे १८०३ च्या मार्बरी खटल्यापासून रुजलं आणि आपण ते आपल्या घटनेत लिहूनच घेतलं. घ्यायचं काय आणि नाही काय, याचाही विचार झाला होता. आपल्या घटनेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. त्यांच्या सल्ल्यानंतर ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे कायद्याची योग्य प्रक्रिया, हे शब्द टळले आणि कलम २१ मध्ये ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. स्पर्धा परीक्षेची मुलं हे एका ओळीत पाठ करतात. ज्या अमेरिकी दुरुस्तीत ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द आहेत, ती त्यांनी एकदा उघडून वाचावी.

लायब्ररी ऑफ काँग्रेसवर १९३६ ते ३८ या काळात घेतलेल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती आहेत. त्या वाचताना एक सावधपणा ठेवायचा. प्रश्न विचारणारे बहुतेक गोरे होते, गाव दक्षिणेतलं, आणि म्हाताऱ्या माणसाला उद्या त्याच गावात राहायचं होतं. त्याने काय सांगितलं याबरोबर तो काय बोलला नसेल, हेही मनात धरावं लागतं.

म्युझियमच्या पाटीबद्दलही तेच. ती कोणीतरी लिहिलेली असते. १९९५ मध्ये स्मिथसोनियनच्या विमान म्युझियमला हिरोशिमावर बाँब टाकणाऱ्या विमानाचं प्रदर्शन मांडायचं होतं. माजी सैनिकांच्या संघटना भडकल्या, मूळ मांडणी मागे घेतली गेली आणि संचालकांना पद सोडावं लागलं. विमान तेच राहिलं, शेजारचा मजकूर बदलला. तेव्हा पाटी वाचताना विचारायचं: ही वस्तू कोणाकडून आली, कधी आली, आणि या गोष्टीत असायला हवं होतं असं कोण इथे दिसत नाही? नॅशनल अर्काइव्हजच्या ‘डॉक्सटीच’ साइटवर शिक्षकांसाठी असे प्रश्नांचे कागद तयार मिळतात. आईला ते फार आवडले. म्हणाली, आमच्या वेळी हे असतं तर.

स्मिथसोनियनची म्युझियम वॉशिंग्टनमध्ये फुकट आहेत, नॅशनल अर्काइव्हजही. फिलाडेल्फियाच्या कॉन्स्टिट्यूशन सेंटरला तिकीट आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल, तर एका दिवशी एकच जागा धरा आणि बसायला बाक कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

मुलाखतीला दुभाषी म्हणून ओळखीच्या एक बाई आईबरोबर आत गेल्या. मी बाहेर बसले होते. पंचवीस मिनिटांनी आई आली ती कपाळाला आठ्या घालूनच. माझ्या पोटात गोळा आला.

“नापास?”

“पास गं. सहा झाले आणि थांबवलं त्यांनी. मेसनचं काही विचारलंच नाही, त्या पुसलेल्या शब्दाचंही नाही. मी म्हटलं, मला अजून येतंय. तर ते हसले आणि म्हणाले, पुरे.”

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर तिने ते सगळं त्या दुभाषी बाईंना सांगायला घेतलं, जाहीरनाम्यावरच्या हाताच्या ठशापासून.